रुमाल, बारा नग

गेल्या पावसाळ्यात एका कुरिअरच्या दुकानात मी बारा रुमालांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि पलीकडच्या मुलाने विचारले, “मॅडम, आत काय आहे?” प्रश्न साधा होता. पार्सल इंग्लंडातल्या ब्रिस्टलला जायचे होते आणि परदेशी जाणाऱ्या पार्सलवर वस्तूचे नाव, नग आणि किंमत लिहावी लागते, हे मला ठाऊक होते. मी म्हटले, “क्रोशाचे रुमाल.” त्याने पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि खात्री करून घेण्यासाठी विचारले, “म्हणजे हँकी ना?” मी नाही म्हणायला तोंड उघडले, पण नाही म्हटल्यावर पुढे काय म्हणायचे, ते मला सुचेना. टेबलावर घालायचे असतात, पण त्यांना टेबलक्लॉथ म्हणता येत नाही. त्यांच्यावर फुलदाणी ठेवतात, पण फुलदाणी नसली तरी ते असतात. झाकायला वापरावेत तर जाळीतून सगळे दिसते, आणि पुसायला वापरायची तर कल्पनाही करवत नाही. माझ्यामागे रांगेत तिघे-चौघे उभे होते, त्यांच्या मिटलेल्या छत्र्यांचे पाणी फरशीवर साचत होते. माझे गप्प राहणे हाच होकार समजून त्याने टाइप केले: हँडकरचीफ, कॉटन, १२ नग. “किंमत किती लावू?” “एकाचे पन्नास धरा,” मी म्हणाले. सहाशे रुपये. पाठवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होता.

नाव त्याने चुकीचे लिहिले होते. किंमत मात्र मी सांगितली होती.

पार्सल पोहोचल्यावर भाचीचा फोन आला. ती माझ्या मावसभावाची मुलगी, म्हणजे ज्या ताईमावशीने हे रुमाल विणले, तिची नात. “आत्या, सगळे नीट पोहोचले. माझी रूममेट म्हणाली, किती सुंदर डॉयलीज आहेत! तिच्या आजीकडे होत्या म्हणे अशा.” शब्द मला अगदीच नवा नव्हता. ताईमावशीच्या ट्रंकेत रुमालांच्या तळाशी इंग्रजी नमुन्यांच्या जुन्या पुस्तिका होत्या आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर तो छापलेला होता. ताईमावशीला इंग्रजी वाचता येत नव्हते. ती छायाचित्रावर भिंग धरून टाके मोजत असे, कागदाच्या कपट्यावर आकडे मांडत असे आणि दोन-तीन वेळा उसवून नमुना बरोबर उचलत असे. छायाचित्राच्या वरखाली जे काही छापलेले होते, ते तिच्या लेखी कागदाच्या नक्षीसारखे होते. मला मात्र फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. ज्या वस्तूमध्ये माझ्या सगळ्या सुट्ट्या गेल्या, तिचे नेमके नाव ब्रिस्टलच्या एका परक्या मुलीला ठाऊक होते आणि मी काउंटरवर मुकी उभी राहिले होते.

ताईमावशी मिरजेला राहत असे. काका रेल्वेत कारकून होते. दुपारी जेवणे आटोपली, की ती खिडकीपाशी, प्रकाश डाव्या खांद्यावरून येईल अशी पाट टाकून बसे. दोऱ्याचा गुंडा ती एका पितळी तांब्यात ठेवत असे, म्हणजे तो घरभर पळत नसे. दोरा ओढला की आत गुंडा फिरे आणि तांब्याच्या काठाला घासून बारीक किणकिण येई. टाके ठरलेले: सहा साखळ्यांचे कडे, त्यात बारा खांब, मग दोन साखळ्या आणि एक खांब, मग मुका खांब घालून पुढची फेरी. ती तोंडाने मोजत नसे, पण ओठ किंचित हलत असत आणि अशा वेळी आम्ही काही विचारले, तर ती फेरी संपेपर्यंत उत्तर येत नसे. अननसाची वीण तिची विशेष आवडती होती. मधल्या चक्रातून सहा किंवा आठ अननस बाहेर फुटत आणि कडेला निमुळते होत जात. रुमाल पुरा झाला, की तो सगळ्या बाजूंनी आक्रसलेला, चुरगळलेल्या जास्वंदीसारखा दिसे. मग तो धुऊन, पेजेच्या पातळ खळीत बुडवून, निळीचा एक थेंब देऊन, सतरंजीवर अंथरलेल्या पंचावर ताणून बसवला जाई. प्रत्येक टोकाला एक टाचणी. ओल्या खळीचा तो आंबूस, भातासारखा वास आणि दुपारच्या उन्हात टाचण्यांच्या डोक्यांची रांग. वाळल्यावर टाचण्या काढल्या, की रुमाल पापडासारखा ताठ उचलला जाई. कडेला उभ्या चुण्या असलेला एखादा रुमाल ती साखरेच्या पाकात बुडवत असे. तो वर्षभर ताठ राही, पण त्याला मुंग्या लागत.

त्या घरातले मोठे टेबल काकांनी रेल्वेच्या भंगार सामानाच्या लिलावात घेतले होते. सागवानी, वजनदार, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेले. त्याच्या बरोबर मध्यावर सर्वांत मोठा रुमाल असे आणि त्याच्यावर काचेची बशी. एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असेन, काचेची बशी बाजूला ठेवून मी रुमालाची कड उचलली. खाली लाकडात पांढऱ्या रंगाने साच्यातून उमटवलेली इंग्रजी अक्षरे होती आणि त्यापुढे एक आकडा होता. कोणीतरी तो खरवडायचा प्रयत्न केला होता. अक्षरे गेली नव्हती, लाकूड मात्र खडबडीत झाले होते. ताईमावशी दारातून पाहत होती. ती काही बोलली नाही; पुढे येऊन तिने रुमाल पुन्हा नीट मध्यावर बसवला आणि बशी वर ठेवली. त्या जाळीतून खालचे पांढरे कसे दिसत नव्हते, हे मी नंतर पाहून घेतले. विणीचा सर्वांत दाट भाग तिने बरोबर आकड्यावर आणला होता.

डॉयली हे नाव कुठून आले, ते शोधायला मी बसले तेव्हा माझी अपेक्षा अशी होती, की ते एखाद्या टाक्याचे, गावाचे किंवा निदान विणणाऱ्या बाईचे असेल. ते निघाले एका कापडवाल्याचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये, स्ट्रँड या रस्त्यावर, डॉयली आडनावाच्या माणसाचे दुकान होते. हे आडनाव मुळात फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या उयी नावाच्या गावांवरून आलेले. नॉर्मन सरदारांबरोबर ते इंग्लंडात आले आणि ऑक्सफर्डचा किल्ला १०७१ साली बांधणारा रॉबर्ट डॉयली हाही त्याच आडनावाचा. पण स्ट्रँडवरच्या दुकानदाराजवळ किल्ला वगैरे काही नव्हते. तो उन्हाळ्यात वापरायचे हलके लोकरी कापड विकत असे आणि ते इतके खपले, की लोक त्या कापडालाच डॉयली म्हणू लागले. आपल्याकडे वनस्पती तुपाचे सगळे डबे डालडाचे झाले, तसे. १६७८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या, ड्रायडन या इंग्रज नाटककाराच्या एका विनोदी नाटकात डॉयलीच्या परकरांचा उल्लेख येतो, म्हणजे तोवर नाव प्रेक्षकांच्या तोंडी बसलेले होते. जॉन गे या कवीने १७१६ साली लंडनच्या रस्त्यांवर चालण्याविषयी एक लांबलचक कविता लिहिली. तीत तो वाचकाला बजावतो, की थंडी आली, आता तुझा डॉयलीचा पोशाख पेटीत घडी घालून ठेव. कापड दिसायला बरे, पण उबेला कमी. जाळीचा, लेसचा, क्रोशाच्या सुईचा या माणसाशी काडीचा संबंध नव्हता.

सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रचंड इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा या शब्दाचा अर्थ त्याने ‘लोकरी कापडाचा एक प्रकार’ असा दिला आणि हे नाव पहिल्या बनवणाऱ्यावरून पडले असावे, ‘असे मला वाटते’, अशी पुस्ती जोडली. कोशकाराने छापील पानावर ‘असे मला वाटते’ म्हणावे, हे मला फार आवडले. एव्हाना मूळ माणूस इतका धूसर झाला होता, की जॉन्सनने विकणाऱ्याला बनवणारा करून टाकले.

पण माझे मन अडकले ते जॉन्सनच्याही आधीच्या एका मजकुरात. १७१२ च्या जानेवारीत ‘द स्पेक्टेटर’ या लंडनच्या पत्रात युस्टेस बजेल याने श्रीमंत होण्याच्या निरनिराळ्या वाटांवर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, की एकाच वेळी स्वस्त आणि घरंदाज दिसेल असे कापड शोधून काढून ज्याने पैसा केला, तो प्रसिद्ध डॉयली अजून सर्वांच्या स्मरणात ताजा आहे. आणि आपला अभिमान काटकसरीने पोसण्याची ही युक्ती त्याने काढली नसती, तर आपल्याला मागचे युद्ध चालवणे कठीण गेले असते, असेही लोक म्हणतात. युद्धाचा शेरा अर्थातच चिमटा काढण्यासाठी आहे. पण ‘स्वस्त आणि घरंदाज’ हे दोन शब्द मी वाचले आणि मला लंडन दिसलेच नाही. मिरजेचे लिलावातले टेबल दिसले. आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांमधला रेडिओ, त्याच्या निघालेल्या बटणाच्या जागी लावलेले दुसऱ्याच रेडिओचे बटण आणि त्याच्या माथ्यावरून पुढे बरोबर त्या बटणापर्यंत ओघळणारा त्रिकोणी रुमाल दिसला. पुढे टीव्ही आला, तेव्हा टीव्हीवर. फोन आला, तेव्हा फोनखाली आणि फोनवरही. पाण्याच्या तांब्यावर घालायच्या जाळीला कडेने मणी ओवलेले असत, ते वाऱ्याने तांब्यावर टकटक करत. ही मण्यांची जाळी गोव्याकडच्या घरांतही मी पाहिली आहे, तिथे ती दुधाच्या सुरईवर असे. दोऱ्याचा एक गुंडा आणि एक सुई यांच्या बळावर एका कारकुनाच्या बायकोने तीन-चार घरांची अब्रू झाकली होती. त्या दुकानदाराचे नाव या वस्तूला अपघाताने चिकटले असेल; पण चिकटले ते बरोबर ठिकाणी, असे मला त्या दिवशी वाटले.

लोकरी कापडापासून जाळीपर्यंतचा प्रवास मात्र टेबलावरूनच झाला. १७११ च्या एप्रिलमध्ये जोनाथन स्विफ्ट या लेखकाने डब्लिनला पाठवलेल्या रोजनिशीवजा पत्रात लिहिले आहे, की जेवणानंतर टेबलावर जाडेभरडे, दोन्ही टोकांना झालर असलेले ‘डॉयली-नॅपकिन’ होते, पिताना वापरायला. इंग्लंडातल्या बड्या घरांत मुख्य जेवण झाले, की टेबलावरचा कापडी पट उचलून नेत आणि उघड्या, चकाकत्या लाकडावर फळे, सुकामेवा आणि दारू मांडत. फळांच्या रसाचे आणि लाल दारूचे डाग चांगल्या, किमती नॅपकिनांवर पडू नयेत, म्हणून त्या वेळी हे लहान, स्वस्त फडके देत. पुढे ते बोटे धुण्याच्या वाडग्याखाली जाऊन बसले. वाडग्याखाली बसल्यावर पुसण्याचे काम संपले आणि दिसण्याचे सुरू झाले. एकोणिसाव्या शतकात त्याची झालर वाढत वाढत आत शिरली आणि मधले कापड खाऊन संपूर्ण जाळी झाली. त्यानंतर कागदाची जाळी आली. आज आपल्याकडच्या बेकरीत केकखाली जी कागदी, तेलकट होणारी नक्षी मिळते, ती या घराण्यातली शेवटची.

म्हणजे कुरिअरच्या दुकानातला मुलगा फारसा चुकला नव्हता. तीनशे वर्षांपूर्वीच्या हिशेबाने पाहिले, तर डॉयली म्हणजे तोंड-हात पुसायचे फडकेच होते. आणि आमचा ‘रुमाल’ तरी काय? फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारे, तोंडपुसणे. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला वाटेल तिथे नेला. आमच्या पणजोबांच्या पिढीतले पुरुष डोक्याला रुमाल बांधत. पेशवे दप्तरातले कागद ज्या फडक्यांत बांधलेले असत, त्यांनाही रुमाल म्हणत आणि अभ्यासक अमुक क्रमांकाचा रुमाल मागवत. लग्नात वरपक्षाच्या हातात रुमाल, खिशात रुमाल, बसमध्ये जागा धरायला रुमाल. पार्सलवर छापलेला ‘हँडकरचीफ’ हा शब्द फोडला, तर त्यातला ‘करचीफ’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘डोके झाकणारे’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. म्हणजे तो हाताने बाळगायचा शिरपेचच झाला. ‘क्रोशा’ फ्रेंच, अर्थ लहानसा आकडा, म्हणजे हुक. ‘क्रोशाचा रुमाल’ या दोन शब्दांत फ्रेंच आकड्याने फारसी तोंडपुसणे विणले जाते आणि त्यावर मिरजेत मिठाईची बशी ठेवली जाते. काउंटरवर मला जे सुचत नव्हते, ते सुचण्यासारखे नव्हतेच.

ताईमावशीच्या दोऱ्याच्या गुंड्यावरच्या गोल कागदी चिठ्ठीवर ‘मर्सराइज्ड’ असे छापलेले असे. लहानपणी मला ते दोऱ्याच्या कंपनीचे नाव वाटे. तेही एका माणसाचे नाव आहे, हे याच शोधात कळले. लँकेशरच्या जॉन मर्सरने सुती दोऱ्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधून १८५० साली तिचे पेटंट घेतले. १८९० मध्ये होरेस लो याने तीच प्रक्रिया दोरा ताणून धरून केली, तेव्हा त्याला रेशमासारखी चकाकी आली. सुताला रेशमाचे रूप आले, पण नाव राहिले मर्सरचे. आरामखुर्चीच्या पाठीवर जो जाळीचा तुकडा टाकतात, त्याचे इंग्रजी नाव तर ‘अँटिमकॅसर’. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पुरुषांमध्ये मकासर तेल लोकप्रिय होते. सुलावेसी बेटावरच्या मकासर बंदराचे नाव त्याला दिलेले. त्या तेलाचे डाग खुर्च्यांना पडत, म्हणून मकासरविरोधी फडके. आमच्या घरी खोबरेल होते आणि काकांच्या आरामखुर्चीवरही असा तुकडा होता, दर रविवारी धुवायला पडणारा. सरकारी कचेऱ्यांत साहेबाच्या खुर्चीवर जो पांढरा टर्किश टॉवेल असतो, तो याच तुकड्याचा थोरला भाऊ. तेल राहिले नाही, डोक्यावर केसही राहिले नाहीत, टॉवेल मात्र हुद्द्याची खूण म्हणून टिकला आहे.

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी इतकी वर्षे सांगितलेली नाही. मी दहावीत असताना माझी एक मैत्रीण पहिल्यांदाच आमच्या घरी येणार होती. तिच्या बंगल्यात मी गेले होते. तिथे टेबलाला काच होती, काचेवर काही नव्हते, आणि ते काही नसणे मला फार श्रीमंत वाटले होते. ती येण्याच्या दिवशी दुपारी मी घरातले सगळे रुमाल उचलायला सुरुवात केली. रेडिओवरचा, ट्रंकेवरचा, देवघराच्या फळीवरचा, टिपॉयवरचा. नऊ निघाले. ताईमावशी तेव्हा आमच्याकडे डोळे दाखवायला आली होती आणि खिडकीपाशी बसून दहावा विणत होती. आई स्वयंपाकघरातून पाहत होती. तिने एक शब्द काढला असता, तर मी भांडायला तयार होते. मी रुमालांच्या घड्या घालून ते पेटीत कोंबू लागले, तेव्हा ताईमावशी उठली, माझ्या हातातून ते घेतले आणि म्हणाली, “घडी नको घालूस. घडीवर पिवळे पडतात. गुंडाळ.” तिने वर्तमानपत्राची सुरळी केली, एकेक रुमाल तिच्यावर गुंडाळून दाखवला आणि सुरळी पेटीत ठेवली. मग ती खिडकीपाशी जाऊन बसली. हातातला रुमाल तिने पुन्हा उचलला नाही, मैत्रीण जाईपर्यंत. मैत्रीण आली, पोहे खाल्ले, गेली. रेडिओचे परके बटण तिने पाहिले की नाही, मला सांगता येणार नाही. मी मात्र तासभर दुसरे काही पाहिले नाही.

तिला वाईट वाटले असेल, असे मी पुष्कळ वर्षे मानत आले. आता वाटते, की रुमाल का काढले जात आहेत, ते माझ्यापेक्षा तिला अधिक नीट कळले होते. ज्या कारणासाठी ती ते घालत होती, त्याच कारणासाठी मी ते काढत होते.

क्रोशाच्या जाळीचा जन्मच मुळी अशा सोंगात झाला आहे. व्हेनिसची सुईने केलेली उंची लेस राजेरजवाड्यांच्या गळ्यात असे. तिचा एखादा तुकडा व्हायला महिनेच्या महिने लागत. क्रोशाच्या आकड्याने तिची नक्कल त्याच्या काही अंश वेळात करता येते, हे एकोणिसाव्या शतकात लोकांच्या लक्षात आले. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि दुष्काळ पडला, तेव्हा मठांतल्या ख्रिस्ती नन्सनी आणि जमीनदारांच्या बायकांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांना ही नक्कल शिकवली. सुई आणि दोरा याखेरीज भांडवल नको, आणि अंधाऱ्या झोपडीतही काम मांडीवर मावते. पाने, फुले, द्राक्षे वेगवेगळी विणायची आणि मग जाळीने जोडायची. त्या पैशातून घरभाडे गेले आणि काहींचे अमेरिकेच्या जहाजाचे भाडेही जमले. खरी लेस वापरणारे या जाळीला नाके मुरडत असत. ती विकत घेणाऱ्यांना मात्र तिने तीच गोष्ट दिली, जी स्ट्रँडवरचा दुकानदार देत होता.

आपल्याकडे ही विद्या मिशनऱ्यांच्या बायकांबरोबर आली आणि सर्वांत घट्ट रुजली ती गोदावरीच्या मुखाशी, आंध्रातल्या नरसापूरच्या आसपास. गंमत अशी, की नरसापूरला लागूनच असलेल्या माधवपालेम या खेड्याचे नाव आधीच जगभर गेलेले होते. तिथल्या सुती कापडाला व्यापारी ‘मदपोलम’ म्हणत आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी कचेरी तिथे होती. कापड गेले, कचेरी गेली, मग त्याच मुलखात बायका अंगणात बसून परदेशासाठी जाळी विणू लागल्या. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवले ते असे, की दिवसाचे कितीतरी तास विणणाऱ्या या बायका कामगार म्हणून कोणाच्या खिजगणतीतच नव्हत्या. व्यापाऱ्यांच्या, नवऱ्यांच्या आणि त्यांच्या स्वतःच्याही मते त्या घरी बसून फावला वेळ घालवणाऱ्या गृहिणी होत्या. व्यापाराचा पैसा ज्यांनी केला, ते पुरुष होते.

हे वाचताना मला ताईमावशीची वही आठवली. घर विकायला काढले, तेव्हा ट्रंकेबरोबर तीही माझ्याकडे आली. दूधवाल्याच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर तिने रुमालांची नोंद ठेवली आहे: कोणाच्या लग्नात दिला, कोणत्या विणीचा, किती गुंडे लागले आणि गुंड्याचे पैसे किती. अननस मोठा, तीन गुंडे. चांदणी लहान, पाऊण गुंडा, उरलेला बाळूच्या टोपीला. दिवस किती लागले, ते कुठेही नाही. तिने आयुष्यात एकही रुमाल विकला नाही. एकदा शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी पैसे विचारले, तेव्हा तिने फक्त दोऱ्याचे घेतले. कुरिअरच्या दुकानात मी “पन्नास धरा” म्हणाले, ते मला वाटले तसे तोंडाला येईल ते नव्हते. आजच्या भावाने एका रुमालाचा दोरा साधारण तेवढ्यालाच येतो. मी तिच्याच वहीतून हिशेब केला होता.

हे कळल्यावर मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

ट्रंकेत एक अर्धा रुमालही होता, सुई अजून फाशात अडकलेली. क्रोशात कोणत्याही क्षणी एकच फासा जिवंत असतो. सुयांच्या विणकामासारखी फाशांची अख्खी रांग सुईवर नसते. तेवढा एक फासा निसटला आणि दोरा ओढला, तर अननस, खांब, साखळ्या सगळे उलट्या क्रमाने उलगडत सहा साखळ्यांच्या कड्यापर्यंत जाते. मी त्या फाशात एक सेफ्टी पिन अडकवून ठेवली आहे. विणायला मला तिने शिकवले होते. माझा हात घट्ट आहे आणि तिचा सैल होता. मी पुढच्या दोन फेऱ्या घातल्या, तर कुठून माझे सुरू झाले, ते आंधळ्यालाही बोटांनी कळेल.

परवा भाचीने व्हिडिओ कॉल केला. तिने नवे घर भाड्याने घेतले आहे, सामानासकट, आणि मला ती फोन फिरवून सगळे दाखवत होती. खिडकी, खिडकीतून दिसणारी विटांची भिंत, पलंग, स्वयंपाकाचा ओटा. जेवणाच्या टेबलावर मध्यभागी ताईमावशीचा अननसाचा मोठा रुमाल होता, वर काही ठेवलेले नव्हते. “बरोबर मध्यावर नाही तो,” मी म्हणाले, “थोडा डावीकडे गेलाय.” ती हसली आणि म्हणाली, “मुद्दाम आहे, आत्या.” तिने फोन जवळ नेला आणि दुसऱ्या हाताने रुमालाची कड उचलली. खाली लाकडावर आधीच्या भाडेकरूने ठेवलेल्या तापल्या पातेल्याचा काळा गोल होता, कडेला पॉलिश फुगून आलेले. “मालकाला सांगितले तर माझ्या डिपॉझिटमधून कापेल,” ती म्हणाली आणि तिने रुमाल पुन्हा खाली सोडला, मग दोन बोटांनी किंचित फिरवला, अननसाचा दाट भाग गोलावर येईल असा.